नाहीच्या चिठ्ठ्यांची पेटी

१

कपाट उघडलं आणि हेडक्लार्क भाऊंच्या तोंडचं पाणीच पळालं. वरच्या खणात फायली होत्या, मधल्या खणात शिक्के होते. खालच्या खणात गेली वीस वर्षं एक हिरवी पत्र्याची पेटी असायची, तिथे आज धुळीत एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता. कुलूप शाबूत होतं. किल्लीही रोजच्यासारखी खुर्चीमागच्या खिळ्याला लटकत होती.

भाऊंच्या मागे शिष्यवृत्ती खात्याच्या पडताळणी अधिकारी बाई उभ्या होत्या. वय सत्तावन्न, उजवा गुडघा कुरकुरणारा, आणि नजर अशी की खात्यात माघारी सगळे त्यांना 'चाळणी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं.

"पेटी याच खणात असते?" बाईंनी विचारलं.

"कालपर्यंत असायची," भाऊ म्हणाले आणि खुर्चीत बसलेच.

कॉलेज धार्मिक संस्थेचं होतं. दरवर्षी धर्मग्रंथाचा एक पेपर आणि रोज संध्याकाळी पाचला प्रार्थना, एवढं सोडलं तर बाकी सगळं चार कॉलेजांसारखंच. कुणी हिशेबनीस व्हायला यायचं, कुणी शिक्षक, कुणी प्रयोगशाळेतलं काम शिकायला. अशा कॉलेजांना सरकार अनुदान देत होतं, मुलांना शिष्यवृत्तीही देत होतं, पण एका अटीवर. प्रार्थनेची सक्ती कुणावर नको आणि न येणाऱ्याचं नुकसान नको. ज्याला यायचं नसेल त्याने तसं लिहून, सही करून चिठ्ठी पेटीत टाकायची. मुलं तिला 'नाहीची चिठ्ठी' म्हणत. सूट खरोखर आहे, याचा पुरावा म्हणजे त्या चिठ्ठ्या.

आजवर खात्याचा माणूस यायचा, चिठ्ठ्यांचा आकडा लिहून घ्यायचा, चहा प्यायचा आणि जायचा. यंदा नवं परिपत्रक निघालं होतं. पेटी कॉलेजच्या समितीसमोर उघडायची, एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि त्या विद्यार्थ्याला बोलावून खात्री करून घ्यायची. आकड्यावर यापुढे भागणार नव्हतं.

प्राचार्य धावत आले. रिकामा खण बघून त्यांनी आधी चष्मा पुसला, मग कपाळ.

"पेटी मिळाली नाही तर काय होईल, बाई?"

"मला 'अपात्र' लिहावं लागेल. संध्याकाळी सातला पोर्टल बंद होतं. त्यानंतर माझ्याही हातात काही राहत नाही."

शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलं दोनशे बारा होती. त्यांतली निम्मी तरी पुढच्या महिन्यात बोचकं बांधून घरी गेली असती, हे प्राचार्यांनी सांगायची गरज नव्हती. घड्याळात सव्वादहा वाजले होते.

२

पोलिसांना बोलवायचं का, असं प्राचार्यांनी चाचरत विचारलं. बाई म्हणाल्या, पोलीस पंचनामा करतील तोवर सात वाजून जातील. त्यापेक्षा मला एक खोली द्या, खाली, जिना नको.

पहिले आले भाऊच. काल साडेचारला त्यांनी चिठ्ठ्या मोजल्या होत्या. न उघडता, नुसत्या घड्या. एकोणीस भरल्या. तेव्हा समोर गुरुजी रोजच्यासारखे वर्तमानपत्र वाचत बसले होते. पाचला कुलूप लावून भाऊ प्रार्थनेला गेले. ऑफिसचं दार उघडंच होतं, कारण प्रार्थनेच्या वेळी या कॉलेजात कुठलंच दार बंद करत नाहीत.

"प्रार्थनेच्या वेळी कोण चोरी करणार, बाई?"

"ज्याला करायची असते तो. आणि प्रार्थना संपल्यावर?"

प्रार्थना संपल्यावर भाऊ वर आले, पिशवी घेतली, दार बंद केलं आणि घर गाठलं. कपाट पाहिलं नाही. काल बसून बसून त्यांचे गुडघे धरले होते. मौन काही केल्या संपेचना, असं ते म्हणाले. गुडघ्यांचा विषय निघाल्यावर बाईंना भाऊंबद्दल उगाचच आपुलकी वाटली, आणि ती त्यांनी लगेच बाजूला सारली. किल्ली भाऊंच्याच खुर्चीमागे होती.

परिपत्रक परवा आलं होतं आणि समितीच्या बैठकीत वाचलं गेलं होतं. बैठकीत माणसं पाच: प्राचार्य, भाऊ, वसतिगृहाच्या मावशी, एक विश्वस्त आणि गुरुजी. नावं वाचली जाणार हे या पाचांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. प्राचार्य काल दुपारपासून खात्याच्या मुख्य कचेरीत बसून होते, बाईंच्याच टेबलासमोर. म्हणजे उरले चार.

"पेटी कुणाची कल्पना?" बाईंनी जाता जाता विचारलं.

"गुरुजींची. वीस वर्षांपूर्वी सरकारची अट आली, तेव्हा ही पेटी त्यांनीच स्वतःच्या घरून आणली. दरवर्षी प्रवेशाच्या दिवशी ते मुलांना सांगतात, यायचं नसेल तर चिठ्ठी टाका, तुमचं नाव या पेटीबाहेर जाणार नाही, माझा शब्द आहे." भाऊ दारात थबकले. "पण परवाच्या बैठकीत गुरुजी उठून म्हणाले होते, हे मला चालणार नाही. आणि तडक निघून गेले."

३

विश्वस्तांना मुलं पाटीवाले काका म्हणत. कॉलेजात त्यांनी दिलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी मिरवत होती. पंख्यावर पाटी, बाकावर पाटी, पाण्याच्या टाकीवर तर दोन.

त्यांना पेटी गेल्याचं दुःख नव्हतं आणि ते लपवायची तसदीही त्यांनी घेतली नाही. सरकारी पैसा म्हणजे नसती कटकट, असं त्यांचं म्हणणं. शिष्यवृत्ती बंद झाली तर खर्च उचलायला ते एका पायावर तयार होते. फक्त कॉलेजला वडिलांचं नाव द्यायचं, एवढीच माफक अपेक्षा.

"काल पाच वाजता कुठे होतात?"

"प्रार्थनेत. पहिल्या रांगेत. सगळ्या हॉलने पाहिलंय मला. उलट कालच्या त्या लांबलेल्या प्रार्थनेपायी माझी ठेकेदाराबरोबरची बैठक बुडाली." मग ते पुढे झुकले. "तुम्ही म्हाताऱ्याला विचारा. सरकारचा पैसा घेतला की सरकार गाभाऱ्यापर्यंत येतं, हे त्यांचं दर बैठकीतलं पालुपद आहे."

वसतिगृहाच्या मावशी हात पुसत आल्या आणि आल्या आल्या आपलंच गाऱ्हाणं सांगू लागल्या. चारशे जणांचा स्वयंपाक त्यांच्या गळ्यात. मौन वीस मिनिटांचं, त्या अंदाजाने भाजी मंद आचेवर ठेवून त्या प्रार्थनेला जातात. बारा वर्षांत काल पहिल्यांदा भाजी तळाला लागली. सगळ्या वसतिगृहाने नाकं मुरडली आणि दोष कुणाला, तर मावशींना.

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. "जी मुलं प्रार्थनेला येत नाहीत, ती त्या वेळी कुठे असतात?"

मावशींनी आवाज खाली आणला. "लायब्ररीत, दार ओढून. कोण कोण असतं ते मला माहीत नाही, मी बघतही नाही. कुणीच बघत नाही. पाचला त्या बाजूने जावं लागलं, तर आम्ही मान खाली घालून जातो. गुरुजींनी लावलेली शिस्त आहे ती."

शेवटी गुरुजी आले. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. धर्मग्रंथ शिकवायचा आणि प्रार्थना सांगायची, ही त्यांची चाळीस वर्षांची कामं. त्यांच्यामागून एक मुलगी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आत आली. त्यांच्या लेकीची मुलगी. आई गेल्यापासून आजोबांकडेच राहायची. प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष चालू होतं, तेही शिष्यवृत्तीवर. गुरुजी गोळी गिळेपर्यंत नात समोर उभी राहिली आणि मगच गेली.

"सरकारच्या पैशाला तुमचा विरोध आहे म्हणे," बाई म्हणाल्या.

"पैशाला नाही. पैशामागून येणाऱ्या हुकमांना आहे." गुरुजींनी पेला बाजूला ठेवला. "पेटी नसली, तर यंदाही आकडा चालणार नाही का? एकोणीस. भाऊंच्या वहीत लिहिलेलाच असतो."

"नाही. पेटी नाही तर दोनशे बारा जणांची शिष्यवृत्ती जाते. आज सातला."

गुरुजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला बाईंनी स्पष्ट पाहिला. ते काही बोलणार इतक्यात दार धाडकन उघडलं. पाटीवाले काका प्राचार्यांना ओढतच घेऊन आले होते.

"सरळ सांगा, गुरुजी," ते म्हणाले, "पेटी तुम्ही घेतलीत की नाही?"

गुरुजी उठले. त्यांनी काकांकडे पाहिलं, प्राचार्यांकडे पाहिलं आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. प्राचार्यांचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या माणसावर असा आळ, असं ते पुटपुटले. बाईंच्या मात्र एक गोष्ट लक्षात राहिली. गुरुजी 'नाही' म्हणाले नव्हते.

४

दुपारभर बाई आवारातल्या बाकावर बसून होत्या. अर्थात पाटीवाल्या. समोर ऑफिसचा जिना, उजवीकडे प्रार्थनेचा हॉल, डावीकडे लायब्ररीच्या खिडक्या. भिंत असती तर त्यांनी भिंतीवर डोकं आपटलं असतं.

प्रार्थनेत होतो, असं चौघेही सांगत होते. पण प्रार्थना कशी असते ते बाईंनी शिपायाला खोदून खोदून विचारलं होतं. हॉलला चार दारं. कुणाची जागा ठरलेली नाही. आधी पाच ओळींची प्रार्थना सगळ्यांनी एका सुरात म्हणायची, मग डोळे मिटून मौन. चारशे माणसं आणि एकाचाही डोळा उघडा नाही. पुढे गुरुजी, तेही भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यांनी शेवटची ओळ म्हटली की मौन संपलं, डोळे उघडले. म्हणजे काका पहिल्या रांगेत होते हे पाहिलं कुणी? कुणीच नाही. भाऊ, मावशी, कुणीही उठून गेलं असतं तरी शेजाऱ्याला पत्ता लागला नसता.

काल पाच ते साडेपाच या आवारात डोळे उघडे ठेवून बसलेली माणसं एकोणीसच होती. लायब्ररीत. तिथल्या खिडकीतून ऑफिसचा जिना समोर दिसतो. चोर त्यांनी पाहिला असणारच. आणि ते एकोणीस जण कोण, ते फक्त चोरीला गेलेल्या पेटीत लिहिलेलं होतं.

बाईंना हसू आलं. तीस वर्षांच्या नोकरीत एवढी सुबक गाठ त्यांच्या वाट्याला आली नव्हती. मग त्यांनी वही उघडून सकाळच्या नोंदी पुन्हा एकदा वाचल्या. भाऊंचे गुडघे. काकांची बुडालेली बैठक. मावशींची करपलेली भाजी.

तीन माणसं, तीन वेगळी गाऱ्हाणी आणि कारण एकच. बाई ताडकन उठल्या. उठताना गुडघा कळवळला, पण या वेळी त्यांनी त्याला दाद दिली नाही.

५

पाचला प्रार्थनेचे सूर सुरू झाले, तेव्हा बाईंनी लायब्ररीचं दार ढकललं.

एकोणीस चेहरे वर झाले. खिडकीजवळच्या टेबलाशी गुरुजींची नात बसली होती. बाईंना पाहताच तिने पुस्तक मिटलं, पण पळायला जागा नव्हती.

बाईंनी दार पुन्हा ओढून घेतलं आणि आपण कोण ते सांगितलं. तुमची नावं बघण्याचा मला कायद्याने अधिकार आहे, म्हणून आत आले, म्हणाल्या. यंदा पेटीतली नावं मोठ्याने वाचायची आहेत, हेही सांगितलं. मग सरळ मुद्द्याला हात घातला. काल याच वेळी ऑफिसच्या जिन्यावर कोण दिसलं?

कुणी नखं पाहत होतं, कुणी टेबल.

"ठीक आहे. मग मीच सांगते," बाई म्हणाल्या. "पाटीवाले काका दिसले असते, तर तुम्ही सकाळीच माझ्या दारात रांग लावली असती. त्यांच्यासाठी तोंड शिवून बसावं असं त्यांनी तुमचं काहीही केलेलं नाही. भाऊ दिसले असते, तर त्यात विशेष ते काय, ते दिवसातून वीसदा तो जिना चढतात, तसं तुम्ही सहज सांगितलं असतंत. तुम्ही एकोणीसच्या एकोणीस जण गप्प आहात, म्हणजे तुम्ही ज्याला पाहिलंत त्याला तुम्हाला वाचवायचंय."

नातीने मान खाली घातली.

"आता दुसरी गोष्ट. प्रार्थनेतून कुणीही उठून जाऊ शकतं, पण परत कधी यायचं? मौन संपायच्या आत परतलं नाही, तर चारशे डोळे उघडतील आणि जागा रिकामी दिसेल. त्यामुळे कुठलाही चोर धावतपळत वीस मिनिटांच्या आत परतला असता. पण काल मौनच लांबलं. चांगलं दहा मिनिटांनी. मौन लांबवणं या कॉलेजात एकाच माणसाच्या हातात आहे. तो परत येऊन शेवटची ओळ म्हणेपर्यंत कुणी डोळे उघडत नाही. सत्तरीतल्या माणसाला जिना चढायला-उतरायला वेळ लागतो. मावशींची भाजी लागली ती त्यामुळे."

"त्यांनी चोरी नाही केली," नात एकदम म्हणाली. "त्यांनी आम्हाला शब्द दिला होता. नाव बाहेर जाणार नाही म्हणून."

"ठाऊक आहे. त्यांना वाटलं, आकड्यावर भागेल, दरवर्षीसारखं. आज सकाळी माझ्याकडून कळलं की भागणार नाही. आता पेटी दिली तर शब्द मोडतो आणि नाही दिली तर दोनशे बारा मुलं घरी जातात. सकाळपासून तो माणूस या कात्रीत आहे." बाईंनी घड्याळ पाहिलं. "मी तुम्हाला काही करायला सांगत नाही. तो माझा अधिकार नाही. सातला पोर्टल बंद होतं, एवढंच सांगायला आले होते."

एका मुलाने विचारलं, नावं वाचली जातील ती कुणासमोर. बाई म्हणाल्या, समितीसमोर. गुरुजीही समितीत आहेत.

नातीचा चेहरा पांढराफटक पडला. "आजोबांना माहीत नाही, मी इथे बसते ते. तीन वर्षं झाली."

पलीकडे हॉलमध्ये सूर थांबले होते. मौन सुरू झालं होतं.

६

आज मौन बरोबर वीस मिनिटांनी संपलं. चारशे माणसांनी डोळे उघडले, तर चारही दारांतून माणसं आत येत होती. सगळी मिळून एकोणीस. ती मधल्या वाटेने पुढे गेली आणि गुरुजींसमोर उभी राहिली. सगळ्यांत पुढे नात होती.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पाटीवाले काका उठून उभे राहिले. बाई मागच्या दाराशी टेकून होत्या.

"तू मागे जा," गुरुजी नातीला हळूच म्हणाले. "तुला काही सांगायची गरज नाही."

"तुम्ही शब्द दिला होता की आमचं नाव कुणी वाचणार नाही," ती म्हणाली. "कुणी वाचत नाहीये, आजोबा. माझं मी सांगतेय. मी तीन वर्षं प्रार्थनेला आलेली नाही. पेटीत माझी चिठ्ठी आहे."

तिच्या मागून एकेक जण बोलू लागला. माझी आहे. माझीही आहे. काही आवाज खणखणीत होते, काही जेमतेम ऐकू येणारे. एकोणीसच्या एकोणीस जण बोलले.

गुरुजी नातीकडे पाहत होते. "मला माहीत होतं," ते म्हणाले.

"कसं?"

"डोळे मिटलेले असतात, कान नाही. तुझा आवाज मी तू बोबडं बोलायचीस तेव्हापासून ओळखतो. तीन वर्षं तो या प्रार्थनेत नाही."

नातीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "आई गेल्यापासून ती चौथी ओळ माझ्या तोंडून निघत नाही. 'जे दिलेस ते सारे गोड' ही. मी खूप प्रयत्न केला."

"माझी लेक होती ती," गुरुजी म्हणाले. "मलाही वर्षभर निघत नव्हती. मी भिंतीकडे तोंड करून बसतो म्हणून कुणाला कळलं नाही. नुसते ओठ हलवायचो."

मग ते वळले. ग्रंथ ठेवायच्या चौरंगावरचं कापड त्यांनी बाजूला केलं. खाली हिरवी पेटी होती, चारशे माणसांच्या डोळ्यांसमोर. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बाईंच्या हातात दिली. "मुलांनीच मला मोकळं केलं," म्हणाले, "आता घ्या."

काकांनी लगेच तोंड उघडलं. ही उघड चोरी आहे, चोरीच्या पुराव्यावर पात्रता कशी ठरणार, गुरुजींना आजच्या आज काढा, असं बरंच काही. बाईंनी त्यांना पुरतं बोलू दिलं.

"पेटी कॉलेजची, आणि ती कॉलेजबाहेर गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली. त्याला माझ्या खात्यात चोरी म्हणत नाहीत. भाऊ, मोजा."

भाऊंनी मोजल्या. एकोणीस. एकेक चिठ्ठी उघडली गेली, एकेक जण पुढे आला. प्रार्थनेला न आल्याचं काही नुकसान झालं का, असं बाई प्रत्येकाला विचारत होत्या. कुणाला वसतिगृहात खोली नाकारली नव्हती, कुणाचे गुण कापले नव्हते. नातीपाशी आल्यावर बाईंनी प्राचार्यांकडून गुणपत्रकांची फाइल मागवली. धर्मग्रंथाच्या पेपरात तीन वर्षं कॉलेजात पहिली कोण? नात. उत्तरपत्रिका नंबर झाकून येतात, पण तपासणारे गुरुजीच. आणि परवाच्या सहामाहीत दोन गुण कापले होते तेही त्यांनीच.

"ते दोन गुण चुकीचे कापलेत," नात डोळे पुसत म्हणाली, आणि सगळा हॉल हसला.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी बाई भाऊंच्या टेबलाशी बसल्या. जिना त्यांनी कुरकुर न करता चढला होता. पोर्टलवर 'पात्र' या चौकटीत त्यांनी खूण केली. खाली शेरा लिहायला जागा होती. एरवी तिथे त्या 'नियमानुसार' एवढंच लिहीत. आज त्यांनी लिहिलं: 'प्रार्थना सांगणाऱ्याच्या घरातली मुलगी प्रार्थनेला येत नाही आणि त्याच्याच विषयात पहिली येते. याहून मोठा पुरावा मला तीस वर्षांत मिळालेला नाही. नावं समितीसमोर वाचण्याचं कलम रद्द करावं. अधिकाऱ्याने एकट्याने पाहावीत.' बटण दाबलं. पोचपावती छापून निघाली, तेव्हा प्राचार्यांनी ती हिसकावलीच आणि जिन्यावरूनच खाली ओरडून सांगितलं. आवारातून असा जल्लोष उठला की मावशी झारा घेऊन स्वयंपाकघराबाहेर आल्या. पाटीवाले काका तेवढ्यात फाटकातून बाहेर पडत होते. त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

बाई निघाल्या तेव्हा गुरुजी आणि नात पायरीवर बसले होते. पोरं दोघांना गराडा घालून उभी होती.

"उद्या पाचला येशील का गं?" गुरुजींनी विचारलं.

नातीने थोडा विचार केला. "नाही. लायब्ररीत असेन."

"बरं," गुरुजी म्हणाले, आणि खुशीत येऊन त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "साडेपाचला ये. ते दोन गुण का कापले, ते दाखवतो."